भरतीच्या दोन फायली

बंदराच्या कचेरीत भरती-ओहोटीच्या नोंदी सांभाळणाऱ्या बाईंना सगळे वहिनी म्हणत. त्यांचा दीर पूर्वी तिथे नोकरीला होता. तो गेला दुसरीकडे, पण नातं कचेरीला चिकटून राहिलं.

वहिनींचं काम निवांत. धक्क्यावरचं यंत्र दर मिनिटाला पाण्याची उंची कळवायचं आणि ती संगणकातल्या एका फायलीत ओळीखाली ओळ जमा व्हायची. अशी कित्येक वर्षं साचली. जुना संगणक मोडीत निघायची वेळ आली तेव्हा फायलीची नक्कल नव्यावर झाली. नक्कल मुळाबरहुकूम आहे याची खात्री करायची जबाबदारी वहिनींवर आली.

त्यांनी जुन्या संगणकाची डिस्क नव्याला जोडून दोन्ही फायली शेजारी शेजारी घेतल्या, काळ्या पडद्यावर फरक दाखवणारी आज्ञा टाइप केली आणि डबा उघडला. डबा संपायच्या आत संगणक घुरघुरून थांबला. मेमरी संपली, असं उत्तर.

साहेब उत्साही. त्यांनी हिशेबनिसाच्या संगणकातली मेमरीची पट्टी काढून वहिनींच्या संगणकात बसवली. फरक इतकाच पडला, की संगणकाने जरा उशिरा मान टाकली.

"माझं यंत्र आता गोगलगाय झालंय," हिशेबनीस दारात उभा राहून म्हणाला. "वहिनी, पट्टी कधी देताय?"

"देते हो. मला आधी विचार करू दे."

विचार केल्यावर त्यांना उमगलं, की ही आज्ञा दोन्ही फायली अख्ख्या पोटात घेऊन मग जुळवायला बसते. मेमरी वाढवून किती वाढवणार? मग त्यांनी थोडं थोडं वाचून पुढे सरकणारी दुसरी, साधी आज्ञा चालवली. तिने पहिल्याच ओळीवर बोट ठेवलं. आकडे तेच होते, पण नक्कल करताना प्रत्येक ओळीच्या शेवटी एक न दिसणारं अक्षर चिकटलं होतं. म्हणजे ओळन् ओळ वेगळी. संगणकाला घाम फुटला त्यात नवल नव्हतं.

ते अक्षर त्यांनी सगळीकडून काढून टाकलं. प्रत्येक ओळ तारखेने सुरू होत होती, म्हणून दोन्ही फायलींचे वर्षावार तुकडे केले आणि पहिलीच आज्ञा एकेका वर्षावर चालवली. आता ती झरझर चालली. फरक नसला की ती पडद्यावर काहीच दाखवत नसे; सगळी वर्षं अशी गुपचूप जुळली. एका वर्षात मात्र एक अख्खी दुपार नकलेतून गायब होती.

साहेबांनी ते पाहिलं आणि कान खाजवला. "नक्कल चालू असताना मी चहाची किटली लावली होती. फ्यूज उडाला. उरलेली नक्कल मी नंतर पुढे जोडली, सांधा काही तपासला नाही."

"मग ती दुपार तुम्ही प्यायलात," वहिनी म्हणाल्या. हिशेबनीस इतका हसला, की पट्टीचं विसरून गेला.

वहिनींनी हरवलेल्या ओळी मुळातून आणून बसवल्या आणि सगळी वर्षं पुन्हा तपासली. या वेळी पडद्यावर एक अक्षरही उमटलं नाही. पट्टी परत करून, हलक्या पावलांनी त्या घरी आल्या.

सासूबाई वाटच बघत होत्या. "झालं का गं तुझं ते? काय सापडलं शेवटी?"

"काहीच नाही."

"मग इतके दिवस करत काय होतीस?"

"हे काहीच नाही शोधत होते, आई," वहिनी म्हणाल्या, आणि चपला काढता काढता त्यांना हसू आवरेना.