लाडवाच्या डब्यातली चॉकलेटं

मी चौथी शिकलेला माणूस. इंग्रजी मला वाचता येत नाही आणि आता या वयात शिकायचंही नाही. पण माणसाचं तोंड वाचता येतं, आणि मुलाच्या घरी अमेरिकेत बॉथेलला आल्यापासून तेवढ्यावर माझं भागत आलं आहे.

त्या वर्षी हॅलोविनच्या मागोमाग दिवाळी आली होती. हॅलोविन म्हणजे पोरांनी भुताखेतांचे कपडे घालायचे आणि दारोदार जाऊन चॉकलेटं मागायची. नात तेव्हा नऊ वर्षांची. ती चेटकीण झाली होती, वरून पाऊस, त्यामुळे चेटकिणीच्या अंगावर पिवळा रेनकोट. उशीचा अभ्रा भरून चॉकलेटं घेऊन आली. सूनबाईंनी ती सगळी डायनिंग टेबलावर ओतली आणि चष्मा लावून एकेकाच्या मागचं बारीक अक्षर वाचायला बसल्या. ज्याच्यात जनावराच्या हाडांचं काही घातलेलं असतं ते आमच्या घरात चालत नाही, ते बाजूला. उरलेलं लाडवाच्या स्टीलच्या डब्यात भरलं. मी म्हटलं, घरात एवढं गोडधोड आलंय, आधी देवापुढे ठेवा. तसा डबा देव्हाऱ्यासमोर गेला आणि तिथेच राहिला. शाळेतून आल्यावर रोज दोन खायची, असं आईनं लेकीला बजावलं.

ती दोन चॉकलेटं नात माझ्याजवळ बसून खायची. पूजा माझ्याकडे, म्हणून माझी खुर्ची देव्हाऱ्याशेजारीच असते. खाऊन झालं की चॉकलेटावरची चांदी मला द्यायची. मी ती नखानं घासून सपाट करायचो आणि तिच्या छोट्या छोट्या वाट्या करून खणात ठेवायचो. नातीच्या बाहुलीचा फराळ त्यात मांडायचा होता.

आठवडा झाला असेल नसेल, एक दिवस तिनं डबा उघडला आणि तशीच उभी राहिली.

"आजोबा, समबडी इज ईटिंग माय कँडी."

मी वाकून पाहिलं. आंबट गोळ्या जशाच्या तशा. शेंगदाण्याची आणि कॅरॅमलची चॉकलेटं मात्र तळाला गेली होती. चोर कोणी का असेना, चवीनं खाणारा होता.

त्या दिवसापासून घरातली हवा बदलली. मला साखरेचा आजार, त्यात दिवाळी, आणि माझी खुर्ची डब्याला लागून. कोणी तोंडानं काही म्हटलं नाही. पण सकाळी बोटाला सुई टोचून झाल्यावर सूनबाई मशीनकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "बाबा, आज शुगर जरा जास्तच आली हं."

"रात्री भात खाल्ला होता."

"भातानं एवढी नाही वाढत."

मग मुलगा आला. माझ्या पलंगावर बसला, पाय हलवत. "बाबा, तुम्हाला गोड खावंसं वाटलं तर सांगत जा ना. शुगर-फ्री मिळतं इकडे, मी आणतो."

"मी मागितलं का तुझ्याकडे?"

"नाही, मी आपलं जनरल म्हणतोय."

जनरल! लहानपणी फळी चढून गूळ खाल्ला की हा असाच पाय हलवत बसायचा.

दोन दिवसांनी माझे धुतलेले कपडे ठेवताना सूनबाईंना खणातल्या चांद्या दिसल्या. त्यांनी एक उचलली, माझ्याकडे पाहिलं आणि खण हळूच लावून घेतला. त्या जरा ओरडल्या असत्या तर मीही ओरडलो असतो. हळूच लावलेल्या खणाला माणूस काय उत्तर देणार?

संध्याकाळी नात आली. बसली नाही, उभीच राहिली.

"आजोबा, तुम्ही खाल्ली का? इट्स ओके. मी कोणाला सांगणार नाही."

"नाही खाल्ली."

"प्रॉमिस?"

"देवापुढच्या वस्तूला मी न विचारता हात लावत नाही. बाकी प्रॉमिस वगैरे मला माहीत नाही."

तिनं मान हलवली, पण तिची नजर माझ्या सदऱ्याच्या खिशावर गेली. दुसऱ्या दिवशी तिनं तिची दोन चॉकलेटं घेतली आणि जिन्यावर बसून खाल्ली. चांदी कचऱ्यात टाकली.

ते मला लागलं. मुलगा-सून काय समजायचं ते समजोत, त्यांच्याशी माझं आयुष्यभर तसंच चालत आलं आहे. पण या पोरीला माझ्या शब्दावर शंका यावी? मी ठरवलं, आता छडा लावायचा. तोवर या घरात चहातसुद्धा ती बिनसाखरेची गोड पावडर घालून घ्यायची नाही. कडू तर कडू.

मी दोघांवर नजर ठेवली. मुलगा घरून काम करतो. मीटिंग संपली की खाली येतो, देव्हाऱ्यावरून जातो आणि गराजमध्ये रद्दी कागद टाकायला म्हणून जो जातो तो लवकर येत नाही. कागद टाकायला एवढा वेळ? सूनबाई दुपारी "हेडफोन विसरले" म्हणून खाली येतात आणि वर जाताना तोंड मिटून, नुसती मान हलवून बोलतात. पण शंका घेऊन काय होतं? उलट विचारलं असतं तर दोघं म्हणाले असते, बाबा आता आमच्यावर ढकलतायत.

लक्ष्मीपूजनाला मला सुचलं. आमच्यात त्या दिवशी घरातल्या सगळ्या वस्तूंना हळदकुंकू लावतात. मी गाडीला लावलं, फ्रीजला लावलं, मुलाच्या लॅपटॉपला लावलं तेव्हा तो "बाबा, स्क्रीनला नको" म्हणून ओरडला. डब्यालाही लावलं. झाकणावर स्वस्तिक काढलं आणि झाकणाची कड जिथे अंगठे दाबून उघडावी लागते, तिथे खालच्या बाजूनं तेलात कालवलेलं कुंकू फिरवलं. नातीनं तिची दोन आधीच काढून घेतली होती आणि ती मैत्रिणीकडे रांगोळी काढायला गेली होती. मी खुर्ची सोडली आणि खोलीत जाऊन पडलो. दार मात्र उघडंच ठेवलं.

चहाच्या वेळी बाहेर आलो. मुलगा गराजमधून आला. दोन्ही अंगठे लाल, पांढऱ्या स्वेटरच्या खिशावर लाल पट्टा.

"काय रे, हाताला काय?"

"केचप असेल."

"गराजमध्ये केचप?"

तेवढ्यात सूनबाई खाली आल्या. त्यांच्या गालावर, हेडफोनच्या कडेनं, चांगला ठसठशीत अंगठा उठला होता. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"तू पण?" मुलगा म्हणाला.

"मी पण काय! आणि तू मला म्हणत होतास, बाबाच असणार, त्यांच्याशिवाय कोण!"

मी चहा ढवळत राहिलो. त्यात साखर नव्हती, तरी ढवळत राहिलो.

मुलगा खाली बसला. "बाबा, तिला सांगू नका. प्लीज. आम्ही रोज तिला साखरेवरून लेक्चर देतो. आमची काय इज्जत राहील?"

"आणि माझी?"

"अहो, इकडे सगळेच आईबाप मुलांची कँडी खातात. कॉमन आहे."

"मग उघड्यावर खा. मी सांगणार नाही. तुम्ही सांगायचं, आरतीच्या आधी. नाहीतर आज लक्ष्मीची पूजा तुमची तुम्ही करा."

मी उठून खोलीत गेलो. ते बोलावत राहिले, मी आलो नाही. नात आली, बाहेर बोलणं सुरू झालं. मुलगा आधी ऑफिसच्या ताणाचं काहीतरी सांगत होता. मी दारातून खाकरलो. मग तो मुद्द्यावर आला. सूनबाईंनी हात पुढे केले असावेत, कारण नातीचा आवाज आला, "ओ माय गॉड, बोथ ऑफ यू?"

नंतर ती माझ्या दारात आली.

"सॉरी आजोबा."

तसा मी लगेच विरघळणारा नव्हे. "तू विचारलंस तेव्हा मी काय म्हणालो होतो?"

"नाही खाल्ली म्हणालात."

"मग?"

"आय डिडन्ट बिलीव्ह यू." तिचा ओठ वाकडा झाला. मी उठलो. म्हटलं, चल, आरतीला उशीर होतोय.

आरती झाल्यावर तिनं डबा माझ्याकडे दिला. आईबापांच्या देखत म्हणाली, "आता हा आजोबांच्या खोलीत राहणार." मग एक चॉकलेट माझ्या हातावर ठेवलं. प्रसाद. सूनबाईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. प्रसादाला नाही म्हणता येत नाही, मी खाल्लं. तसं काही विशेष नव्हतं. आमचा पेढा बरा.

दुसऱ्या दिवशी ती शाळेतून आली, माझ्या खोलीत शेजारी बसून दोन खाल्ली, चांदी माझ्या हातात दिली. जाताना झाकण लावलं आणि मला दिसू नये म्हणून पाठ करून डबा कानाशी नेला. हळूच हलवून पाहिला.

मी ते पाहिलं. पोरगी माझ्यावर गेली आहे.