शेवटच्या रांगेपर्यंत

रशीदच्या नंबरावरून फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. चार दिवस त्यानं माझा फोन उचलला नव्हता, त्याचा राग होताच. साबणाच्या हातानं फोन कानाला लावला आणि पहिल्याच दमात विचारलं, "जित्ता हायेस का बे, का गेलास मातीत?" पलीकडून त्याच्या मुलीचा आवाज आला, "चाचा, मी नसरीन... अब्बा पहाटे गेले." एक गाल झालेला, एक तसाच, असा मी त्याच्या दारात जाऊन उभा राहिलो. लोकांना वाटलं, मित्राच्या दुःखात गुरुजींना कशाची शुद्ध राहिली नाही. शुद्ध होती. लाज वाटत होती, एवढंच. चार दिवस तो बीडच्या दवाखान्यात होता आणि मला कळवू नका असं त्यानंच बजावलं होतं. कशापायी, तर म्हणे, "गुरुजी इथं येऊन भाषण करील."

नांदूरघाटला बसस्टँडच्या मागं रशीदचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान. आम्ही पहिलीपासून एका बाकावरचे. मी पुढं त्याच शाळेत मास्तर झालो, तेव्हापासून तो मला 'गुरुजी' म्हणायचा, पण त्या शब्दात आदर कमी आणि चिमटा जास्त. मला बोलायची हौस, त्याला ते बोलणं लांबवर पोचवायची. गावातला कुठलाही कार्यक्रम असला की माईकपाशी मी आणि मिक्सरपाशी तो. मी किती चांगला बोललो हे मी त्याला विचारायचो, आणि तो म्हणायचा, "मागं ऐकू आलं."

हे मागं ऐकू येण्याचं प्रकरण आमच्या शाळेच्या गॅदरिंगपासूनचं. त्या वर्षी माजी विद्यार्थ्यांनी शाळेला दोन पॉवर्ड स्पीकर दिले होते, म्हणजे ज्यांच्या पोटातच अ‍ॅम्प्लिफायर असतो, तसले. एक स्टेजजवळ ठेवला. पण बायका बसणार मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला, लिंबाखाली, तिथंवर मिक्सरमधून तार न्यायची कशी? माईकची चांगली वायर परवडणारी नव्हती. मी डोकं चालवलं. बाजारातून साधी स्वस्त वायर आणली आणि स्पीकरला करंट देणाऱ्या लायटीच्या वायरीला हातभर अंतरावर चिकटपट्टी मारत मारत अशी सुबक बांधत नेली की पाहुण्यांनी वायरिंग बघूनच टाळ्या वाजवाव्यात. बटण दाबलं आणि स्पीकरातून आवाज आला, घुंऽऽऽ... रशीद लग्नाची ऑर्डर टाकून आला. कान देऊन ऐकलं आणि म्हणाला, "गुरुजी, मधमाश्या पाळल्या का काय?"

मग तो दुकानात जाऊन एक निळं वेटोळं घेऊन आला. बंद पडलेल्या नेट कॅफेतली इंटरनेटची वायर. आत आठ बारीक तारा, दोन-दोनच्या जोड्या, एकमेकींभोवती पीळ घातलेल्या. त्यानं मांडीवर इस्तरी... म्हणजे सोल्डरिंगची हो, ती घेऊन दोन्ही टोकांना तीन-तीन पिनांचे प्लग डकवले. मी विचारलं, एवढ्या केसासारख्या तारेतून आवाज जाईल? तो म्हणाला, "आवाज काय उसाची ट्रॉली हाय का? ह्या एका तारेत आवाज सुलटा जातो, दुसरीत उलटा. रस्त्यात लायटीची घुरघुर शिरली तर दोघींत सारखीच शिरती. स्पीकर दोघींतला फरक तेवढा घेतो, घुरघुर कटती." माझा चेहरा बघून पुढं म्हणाला, "तुझं आन् वहिनीचं बघ. शेजारी येऊन दोघांचेबी कान भरतो. तुमी एकमेकांशी बोललात की शेजारी कटला." मग माझी सुबक चिकटपट्टी त्यानं दाताखाली धरून टराटरा तोडली. "आन् लायटीच्या वायरीच्या गळ्यात गळा घालून नेऊ नको. दोन हात लांब ठेव. वलांडायची झाली तर सरळ आडवी वलांड."

आवाज तपासायची त्याची रीत तर साऱ्या पंचक्रोशीत एकट्याची होती. 'हॅलो, माईक टेस्टिंग' तो कधी म्हणाला नाही. खिशातून घरच्या किराणा सामानाची यादी काढायचा आणि माईकवर वाचायचा. तूरडाळ, गूळ, चहापत्ती, धुण्याचा साबण... आणि त्यातली एक वस्तू मुद्दाम गाळायचा. त्याची बायको, शमीमभाभी, कायम शेवटच्या रांगेत बसायच्या. यादी त्यांनीच सांगितलेली. तिथून त्यांचा आवाज आला, "हल्दी रह गयी!" की रशीद डोक्यावरची टोपी वर उचलायचा. मग कार्यक्रम सुरू. एकदा आमदारांचा माणूस घाई करायला लागला तर म्हणाला, "हॅलो कुनालाबी ऐकू येतं हो सायेब. काय राहिलं ते ऐकू येतं का, ते बघतोय."

गेल्या आठवड्यात शाळेच्या पटांगणात आम्ही त्याची शोकसभा ठेवली. शमीमभाभी यायच्या नव्हत्या. नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस त्यांच्यात बाई घराबाहेर पडत नाही. आणि मला तर नेमकं भाभींनाच ऐकवायचं होतं. त्या सकाळी मी फोनवर जे ओकलो, ते फोनचा स्पीकर चालू असल्यानं त्यांनीही ऐकलं होतं, हे मला नसरीननंच मागाहून सांगितलं. त्या घरात माझा शेवटचा शब्द तो राहू नये, असं वाटत होतं. रशीदचं घर शाळेच्या पलीकडच्या गल्लीत. घरात स्पीकर ठेवू का, असं नसरीनला विचारलं, तर तिनंच दुकानातून ते निळं वेटोळं आणून दिलं. एक स्पीकर भाभींच्या पडवीत ठेवला, आवाज बारीक. माझी बायको सुनंदा भाभींजवळ जाऊन बसली. पडवीतच उभा राहून बटण दाबलं... घुंऽऽऽ. इतक्या वर्षांनी मी पुन्हा लायटीच्या वायरीच्या गळ्यात गळा घालून आलो होतो. सगळी सभा बसलेली, आणि मी ओणवा होऊन गल्लीभर वायर दोन दोन हात बाजूला सारत चाललो. परत पडवीपाशी येऊन ऐकलं, घुरघुर गेली होती.

वेटोळ्याच्या पिशवीत एक कागद सापडला होता. त्याची शेवटची यादी. माईकवर उभा राहिलो आणि भाषणाआधी तीच वाचली. तूरडाळ, शेंगदाणे, गूळ, चहापत्ती, मीठ. जिरं गाळलं. थांबलो. गल्लीपलीकडून काही ऐकू येणं शक्यच नव्हतं, हे कळूनही मी थांबलो होतो. मग लिहून नेलेलं भाषण खिशातच ठेवून त्या सकाळच्या फोनचं सांगितलं आणि माफी मागितली. मागं पोचलं की नाही, सांगायला टोपी उचलणारा कुणी नव्हता.

घरी आल्यावर सुनंदाला विचारलं, "आलं का ऐकू?"

"आलं की. लख्ख."

"आणि मी फोनचं बोललो ते?"

"ते ऐकून नसरीन रडता रडता हसली. भाभींचं म्हनाल तर यादीच्या फुडचं त्यांनी काय ऐकलं का न्हाई, मला ठावं न्हाई. तुमची यादी सरली आन् त्या पटकन बोलून गेल्या, 'जीरा रह गया.' मंग माजा हात धरला, लई वेळ सोडलाच न्हाई. म्हनल्या, 'जीरा हैच घर में, वहिनी. दवाखाने को जाने के पैले उनोच लाके रखे.'"