आधी नाक, मंग नाव

आरोग्य उपकेंद्राच्या दारात कुणीही येऊन उभं राहिलं, की आमच्या नर्सबाई दोन बोटांनी त्याची हनुवटी वर उचलायच्या आणि नाकाकडे बघायच्या. तान्हं बाळ असो की तपासणीला आलेले साहेब. साहेबांना एवढीच सवलत, की त्यांची हनुवटी उचलली जात नसे. बाई स्वतःच वाकून खालून बघायच्या. मांडीवर रजिस्टर उघडं, पेन कानावर. "आधी नाक, मंग नाव," असं म्हणायच्या आणि मगच पेन हातात घ्यायच्या.

मी रुजू झाले त्या दिवशी माझंही नाक पाहिलं. मी घाबरून 'गुड मॉर्निंग' म्हणाले.

"नाक तर साफ आहे," बाई म्हणाल्या. "मंग आवाज काऊन निघत नाई?"

माझा आवाज तेवढाच होता. चंद्रपूरच्या इंग्रजी शाळेत शिकलेली मी. पुस्तक पाठ, पण चार माणसं समोर आली की वाक्य तोंडातच विरघळायचं. मूल नावाच्या तालुक्यातल्या त्या तळ्याकाठच्या गावात, दोन खोल्यांच्या उपकेंद्रात, कागदावर मी अधिकारी होते आणि बाई नर्स. प्रत्यक्षात कोण कुणाला विचारून पाणी प्यायचं, ते तुम्ही ओळखलंच असेल.

बोलता येत नाही म्हणून मी एक तक्ता काढला. छाती, श्वासनळी, पांढऱ्या पेशी, बाण, सगळं रंगीत. दोन रविवार त्यात गेले. पहिल्याच दिवशी गावातल्या एकीने तो निरखून पाहिला आणि विचारलं, "ही रांगोळी कोनत्या सणाची व मॅडम?"

बाई हसल्या नाहीत. तक्त्याच्या खिळ्याला त्यांनी आपली पिशवी अडकवली आणि बोलायला लागल्या. "हे पाहा. रोग म्हनजे चोर. नाकातले केस म्हनजे शेताची काटेरी कुपाटी. शेंबूड म्हनजे चिखल, चोराचा पाय त्यात फसते. खोकला म्हनजे त्याले धक्के मारून बाहेर काढनं. येवढं करूनबी एखादा घुसलाच, तर आत छातीत राखनदार बसून आहे. पन राखनदाराले चोर वळखू आला पाह्यजे ना? नाई तर तो त्यालेच 'बसा भाऊ, पानी घ्या' म्हनन."

बायका हसल्या. माझ्या तक्त्यातले सगळे बाण त्या चार वाक्यांत येऊन गेले होते.

त्या गावात तळ्यात मासे धरणारे एक आजोबा होते. अंगावर कायम हिरव्या चौकड्यांचा सदरा, खांद्यावर जाळं. गावात त्यांचा शब्द चाले. त्यांना नात झाली, ती जन्मतः फार हलकी. लसीच्या पहिल्या डोसनंतर पोरीला दोन दिवस ताप आला आणि आजोबांनी दार लावून घेतलं. दुसऱ्या डोसच्या दिवशी सुनेला पोरीसकट शेतावर धाडून दिलं. बाई मला घेऊन त्यांच्या घरी गेल्या.

"पोट्टी कुठी आहे भाऊ?"

"नाई घरी."

"कधी येईन?"

"तुमी गेल्यावर." आजोबा जाळं विणत होते, मान वर केली नाही. "चांगली खेळून राह्यली होती. तुमच्या सुईनं तापली. आता तिले हात लावाचा नाई."

धानाची कापणी चालू होती. तळ्यावर धुकं उतरायला लागलं होतं, आणि धुकं उतरलं की त्या गावात लहान मुलांच्या छात्या घरघरू लागतात. एवढ्या हलक्या पोरीला छातीचा ताप, म्हणजे न्यूमोनिया, झाला तर काय होईल, ते बाईंनाही माहीत होतं आणि मलाही. निघताना बाईंनी फक्त दारामागे उभ्या आजींकडे, आजोबांच्या बायकोकडे, पाहिलं. आजींनी वळणीवरचा चौकड्यांचा सदरा ओढला, घडी केली आणि आधीच ठरल्यासारखा गुपचूप बाईंच्या पिशवीत घातला. मला वाटलं, बटण लावायचं असेल.

उपकेंद्राच्या अंगणात भुऱ्या नावाचं एक कुत्रं पडलेलं असे. इतकं भलं, की चोर आला असता तर त्याला कपाटाची किल्ली दाखवली असती. दुसऱ्या दिवशी दुपारी बाईंनी माझ्या हातात भाताची थाळी दिली.

"ठेवा त्याच्या पुढं."

मी ठेवली. भुऱ्या खायला लागला. तोच बाई आतून बाहेर आल्या, साडीवर आजोबांचा सदरा चढवलेला, आणि गुरगुरत थाळी हिसकावून पळाल्या. निवृत्तीला एक वर्ष राहिलेली बाई. मी इकडेतिकडे पाहिलं. कुणी बघत नाही ना, एवढीच माझी काळजी होती.

भुऱ्याने शेपटी हलवली.

"पह्यला डोस," धापा टाकत बाई म्हणाल्या. सदरा काढून त्यांनी त्याला परत भात दिला.

पुढच्या दिवशी भुऱ्या जरा गुरगुरला. "दुसरा." त्याच्या पुढच्या दिवशी बाई दारात दिसायच्या आधीच, नुसत्या वासाने, तो अंगाचं धनुष्य करून भुंकायला लागला. बाई खूश होऊन म्हणाल्या, "झाला पास." सदरा न धुता आजींच्या वळणीवर परत गेला.

तळ्याची वाट उपकेंद्रावरूनच जाते. पुढचे चार दिवस काय झालं, त्याची कल्पना तुम्हीच करा. आजोबा सकाळी निघाले की भुऱ्या सुरू. सदरा बदलला तरी सुरू. तळ्यापर्यंत पोचवायचा आणि परत आणायचा. गावातली माणसं विचारायला लागली, "काऊन जी, कुत्र्याचं काही खाल्लं का?"

लसीकरणाच्या दिवशी अंगणात बायका लेकरं घेऊन बसलेल्या असताना आजोबा तणतणत आले. मागे भुऱ्या होताच.

"शिस्टरबाई! हे कुत्रं मले चोर समजून राह्यलं! मी काय चोरलं त्याचं?"

"काईच नाई भाऊ," बाई शांतपणे म्हणाल्या. "तुमाले तर त्यानं पाह्यलंबी नाई. फकस्त तुमचा सदरा पाह्यला." आणि सगळी हकिकत सांगून टाकली. थाळी कुणी ठेवली होती, तेही. अंगणात जो हशा उठला, त्यात मी खुर्चीसकट जमिनीत जायला तयार होते.

आजोबा लालबुंद झाले. पण बाईंनी लसीची एक शिशी उचलून त्यांच्यासमोर धरली. "याच्यात चोर नाई भाऊ. चोराचा सदरा आहे. राखनदाराले हुंगवून ठेवतो. खरा चोर येईन तवा त्याची वळख पटली पाह्यजे."

"मंग ताप काऊन आला?" आजोबांचा आवाज खाली आला होता.

"राखनदार भुकला."

"किती दिवस भुकन?"

"एक, लय झालं तर दोन. न भुकनारा राखनदार पाह्यजे का तुमाले?"

आजोबा भुऱ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "एका सदऱ्यात नाई भागत?"

"पह्यल्या दिवशी शेपटी हलवत होता तो. विचारा मॅडमले."

सगळे माझ्याकडे वळले. मी मान हलवली. आवाज निघाला नाही.

पुढच्या वेळी आजोबा स्वतः नातीला घेऊन आले. अंगात सदराच नाही, नुसती बनियन, आणि तेही मागच्या दाराने. तरीही भुऱ्याने ओळखलंच. पोरीआधी कुत्रंच रडलं म्हणा ना.

ऐन थंडीत ती पोर सर्दीने भरली. आजोबा तिला छातीशी धरून धावत आले. "तुमी तं म्हनत होत्या—"

"सर्दीचे चोर लय हाय भाऊ. सगळ्याइचे सदरे आमच्यापाशी नाई." बाईंनी पोरीची हनुवटी उचलली, नाक पाहिलं. मग झबलं वर करून घड्याळ समोर धरलं आणि छातीचे हेलकावे मोजू लागल्या. ओठ हलत होते. पूर्ण एक मिनिट. आजोबांनी स्वतःचा श्वास धरून ठेवला होता, जणू त्यांचा त्यात मिसळला असता.

"बेचाळीस. पन्नासाच्या आत आहे, चांगली आहे. घरी न्या, दूध पाजत राहा. श्वास वाढला तर मात्र लगेच या, मागच्या दारानं नाई."

ते गेल्यावर बाई बराच वेळ घड्याळ हातात धरून बसल्या. मी चहा ठेवला. त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "माझ्या नोकरीच्या पह्यल्या वर्षी एक पोट्टी आली होती. येवढीच. तिचं नाक फुलून राह्यलं होतं, श्वास पुरत नसला की फुलते तसं. आन मी रजिस्टर उघडून नाव लिहत बसली होती. नाव, बापाचं नाव, गाव. अक्षर चांगलं यावं म्हनून सावकाश. गाव लिहून झालं तवा नाक हलत नव्हतं."

त्यांनी चहा घेतला, आणि बशी ठेवताना म्हणाल्या, "मॅडम, साखर कमी आहे."

पुढच्या दिवाळीच्या आधी बाई निवृत्त झाल्या. निरोपाला आलेल्या पाहुण्यांच्या नाकाखाली वाकून पाहिलं, पिशवी खिळ्यावरून काढली आणि लेकीकडे कुरखेड्याला गेल्या. खिळ्यामागे माझा तक्ता अजून आहे. जिथे पिशवी होती तेवढाच भाग रंगीत राहिला आहे. रजिस्टरच्या जागी आता टॅब आला. त्यात पहिला चौकोन नावाचा. नाव भरल्याशिवाय तो पुढे जात नाही.

परवा आजोबा नातीला वाढीव डोससाठी घेऊन आले. अंगात चौकड्यांचा सदरा होता. भुऱ्या अंगण डोक्यावर घेत होता. पोर तुरुतुरु माझ्यापुढे आली आणि कुणी न सांगता हनुवटी वर करून उभी राहिली. नाकाखाली शेंबडाची एक रेघ.

"तिचं नाव लिहा मॅडम," आजोबा म्हणाले.

मी टॅब पालथा ठेवला आणि खाली वाकले.

"थांबा भाऊ," मी म्हणाले. भुऱ्या भुंकत होता, तरी त्यांना ऐकू गेलं.