दातांवरचा वेताळ

रिटायर झालेल्या माणसाने एखादा छंद धरावा, असं मला बऱ्याच जणांनी सांगितलं. सल्ला द्यायला कुणाच्या बापाचं काय जातं? मी कल्याणच्या कचेरीत कारकुनी करत म्हातारा झालो आणि बायको गेल्यावर शहापूर तालुक्यातल्या आमच्या गावी, दादाच्या शेजारी येऊन राहिलो. छंदाची हौस मला नव्हती. मी पुन्हा मुखवटे करायला बसलो ते दादामुळे.

दादा माझा थोरला भाऊ. तंबाखूने त्याचं तोंड खाल्लं. मुंबईच्या दवाखान्यात डावीकडचा निम्मा जबडा काढला तेव्हा कुठे जीव वाचला. गावाला फक्त ऑपरेशन झालं एवढंच माहीत होतं. तो परत आला तो चेहऱ्याला टॉवेल गुंडाळून, आणि नंतर ओटीवरही आला नाही. घरात जेवायचा तोसुद्धा भिंतीकडे तोंड करून. आणि हाच माणूस तरुणपणापासून गावच्या बोहाड्यात वेताळ नाचत आलेला. होळीनंतरच्या त्या उत्सवात एकेका घराकडे एकेका देवाचं नाहीतर राक्षसाचं सोंग असतं. वेताळ आमच्या घराचा.

वहिनी एकदा म्हणाली, "भावजी, बोलत तर नायत ते. पण ढोल वाजला का पाय हलतात त्यांचे."

मला वाटलं, मुखवट्याआड कोण बघायला येतंय? तेवढा एक दिवस तरी हा माणसांत जाईल. जुना मुखवटा वाळवीने संपवला होता. पण लहानपणी मुखवटे मीच करायचो. रद्दी भिजवायची, उखळात कुटायची, चिंचोक्याच्या खळीत मळायची आणि मातीच्या साच्यावर थापायची. त्यापायी शाळा बुडवली म्हणून वडिलांनी पाठ सोलली होती.

पहिला मुखवटा वाळताना तडकला. दुसरा साधला. इतकी वर्षं नुसते शिक्के मारणाऱ्या बोटांना नाक कुठे उचलायचं, गाल कुठे दाबायचा, हे अजून ठाऊक होतं. दादा मागच्या दाराने येऊन बसायचा आणि बोटाने दाखवायचा, भुवई अजून वर घे. ते दहा-बारा दिवस मी सुखात होतो, हे कबूल करायला हवं. इतका सुखात, की तो आजारी आहे हेच विसरायचो.

रंग वाळल्यावर मुखवटा त्याच्या हातात दिला. त्याने तो उलटा केला आणि तसाच थांबला. आतून मी सागाची पट्टी बसवली होती. आमचा वेताळ दोरीने बांधत नाहीत. ती पट्टी दातांत धरायची आणि दोन्ही हात मोकळे ठेवून नाचायचं, हीच आमच्या घराची ऐट. हाताला तेवढंच माहीत होतं, त्याने तेवढंच केलं. दादाने टॉवेल सोडला. ऑपरेशननंतर त्याचा चेहरा मी पहिल्यांदाच पाहत होतो. त्याने पट्टी तोंडात धरली. ती घसरली आणि मुखवटा मांडीवर पडला.

"दोरी लावतो," मी म्हणालो. मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटत होती.

त्याने लाळ पुसली. एकेक शब्द जुळवत म्हणाला, "दोरी दिसंल. लोकांना समजंल." मग मुखवटा माझ्याकडे सरकवला आणि माझ्या दातांकडे बोट केलं. तंबाखूला मी कधी शिवलो नव्हतो, दात सगळे शाबूत होते.

मी जन्मात नाचलो नव्हतो. आठ दिवस दार लावून त्याने मला शिकवलं. त्याच्यासारखं चालायला, त्याच्यासारखा उजवा खांदा पाडायला. चुकलं की गुडघ्यावर काठी मारायचा. बोहाड्याच्या पहाटे त्याचे कपडे, त्याचे घुंगरू घालून मी त्याच्या दारातून बाहेर पडलो. कुणीतरी म्हणालं, "बघ रे, पट्टी चावतोय अजून. बरा झाला म्हातारा." मुखवट्याच्या आत मी रडत होतो.

दुसऱ्या दिवशी लोक भेटायला आले. दादा टॉवेल गुंडाळून ओटीवर बसला आणि मान हलवून कौतुक घेत राहिला. मी आत सगळ्यांचा चहा केला.

पावसाळ्यात त्याचं दुखणं उलटलं. डॉक्टरांनी हात टेकले आणि भात कापायच्या आधी दादा गेला. दहाव्याला नदीवर सगळा गाव जमला होता. एक म्हातारा सरळ माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "शिमग्यानंतर पट्टी दातांत धरून नाचला तो. एवढा बरा झालेला माणूस, तुमी टाइमावर दवाखान्यात नाय नेलात?"

आजूबाजूची माणसं जवळ सरकली. वहिनी माझ्याकडे बघत होती.

"नाही नेलं," मी म्हणालो. "आमच्याकडून उशीर झाला."