दोर उस्तादांच्या हातात होता

हवालदार आमोस मेश्राम यांचं नाव आधी लिहितो. ते खापरखेड्याचे. मला पाण्यात उतरवणारे तेच, आणि जिवंत बाहेर काढणारेही तेच. आम्ही त्यांना उस्ताद म्हणायचो.

मी नगर जिल्ह्यातला, आठवीत शाळा सोडलेला. आमची फौजेतली कंपनी तेव्हा नागपुरात होती. तिच्यात ख्रिस्ती आम्ही दोघेच. रविवारी उस्ताद चर्चला निघाले की मी काहीतरी ड्यूटी मागून घ्यायचो. माझे वडील गावच्या प्रार्थनागृहात शिकवत की विश्वास असलेला माणूस घाबरत नाही. मला तर कशाचीही भीती वाटायची. म्हणजे आपल्यात विश्वासच नाही, असं मी ठरवून टाकलं होतं.

त्या सकाळी ०५३० ला हुकूम आला. शहरात पूर आहे. ०६४० ला आम्ही एका नाल्याच्या काठावर होतो. पलीकडे घराच्या पत्र्यावर एक म्हातारे बाबा बसलेले. खालची भिंत खचत होती. उस्तादांनी रेडिओ उचलला.

"बोट कधी? ओव्हर."

"चाळीस मिनिटं. ओव्हर."

भिंत तेवढी टिकणार नव्हती. एकाने कमरेला दोर बांधून जायचं, दुसऱ्याने काठावरून तो धरायचा. पोहण्यात मी बरा, म्हणून माझा नंबर लागला. मी गाठ तपासली. परत तपासली. तिसऱ्यांदा हात लावला तेव्हा उस्ताद जवळ आले.

"काहून थांबला गा?"

"भीती वाटते, उस्ताद. प्रार्थनासुद्धा सुचत नाही."

"मंग तेच सांग त्याले. मले भेव लागून राहिलं म्हण. त्याले का तुह्या प्रमोशनचा रिपोर्ट लिहाचा आहे?" मग म्हणाले, "भेव गेल्यावर उतरीन म्हणशील, तर पेन्शन लागून जाईन तुले."

मी मनात म्हणालो, प्रभू, मला भीती वाटते. एवढंच. भीती गेली नाही. पाय मात्र पुढे पडला. मागे वळून म्हणालो, "सोडू नका."

"नाही सोडत. जाय."

बाबांना पाठीवर घेऊन परतलो. काठ पाचसहा पावलांवर असताना उस्तादांच्या पायाखालची माती फाटली. दोर टाकून मागे उडी मारायला वेळ होता, मी पाहिलं. त्यांनी आधी दोर मागच्या कडुनिंबाला गुंडाळला. मग काठ त्यांच्यासकट गेला. बाकीच्यांनी आम्हाला ओढून घेतलं. उस्ताद ०९१५ ला सापडले, पुलाजवळ.

त्यानंतर महिनाभर मी प्रार्थना केली नाही. 'सोडू नका' हे मीच म्हटलं होतं ना. शेवटी खापरखेड्याला उस्तादांच्या घरी जाऊन वहिनींना तेवढं सांगितलं. त्यांनी आधी चहा ठेवला.

"भाऊ, तुमी म्हटलं म्हणून नाही थांबले ते," त्या म्हणाल्या. "त्यायले पाण्याचं लय भेव. दर खेपेस ड्यूटीवर निघताना दारात उभे राहत. देवा, मले भेव लागून राहिलं, म्हणत. अन् जात."

मी कप खाली ठेवला.

आता मी निवृत्त आहे. नागपुरातच, मिहानच्या कंपन्यांमध्ये एका गेटवर सिक्युरिटीला असतो. गावी परतलो नाही. रविवारी चर्चमध्ये उस्तादांच्या बाकावर बसतो. शंका अजून येतात, त्याही प्रभूला सांगून टाकतो.

उस्ताद, आपली भेट होणार, हे आता मी धरून चाललोय. तेव्हा तुमचे उपकार फेडीन. तोवर दोर माझ्या हातात आहे. नाही सोडत.