माळ्यावरचा पारूकाकींचा डबा

मंडळी, कंबर गेलीय, तरी लिहितेय.

आज सुट्टी म्हणून माळा आवरायला काढला. खालापूरचा भंगारवाला संध्याकाळी येणार होता. पण मी काहीही खाली दिलं की सासूबाईंचं एकच, "राहू दे गं, लागतं." दुपारपर्यंत पोत्यात पडलं काय, तर मोडका स्टोव्ह आणि पोचे आलेला पितळेचा डबा.

डबा त्यांनी लगेच बाहेर काढला. "हा आपला नाय, पारूवैनीचा हाय. तुजा नवरा जन्मला तवा डिंकाचे लाडू घेऊन आलेली."

"म्हणजे सत्तर-बहात्तरची गोष्ट! तेव्हापासून परत नाही केला?"

"रिकामं भांडं कसं देणार? त्या साली आपलं भात गेलेलं, घरात काय नव्हतं. मग राहूनच गेलं."

मी डबा घासला, तांदूळ भरले आणि आम्ही दोघी खालच्या आळीत गेलो. पारूकाकी आता खाटेवरच असतात. डबा बघून हसल्या.

सासूबाई म्हणाल्या, "वैनी, तुमी कदी मागितला पन नाय."

"मागितला असता तर तुला भरून द्यायला लागला असता गं."

मग दोघी कितीतरी वेळ हातात हात घेऊन बसल्या.

निघताना काकींच्या सुनेने तांदूळ काढून घेतले आणि डब्यात पोहे भरून तो माझ्याच हातात दिला.

माळा होता तसाच आहे. डबाही घरी परत आलाय. तुम्ही लोक घर आवरता तरी कसं?