नखाएवढं वाळवण

गेम विकत मिळतात त्या ॲपच्या यादीत प्रत्येक गेमचं कव्हर नखाएवढं दिसतं. तिथे आता माझंही कव्हर जाणार आहे. माझ्या गेमचं नाव ‘वाळवण’. गच्चीवर पापड वाळत घातलेत, ते मावशीने काठी घेऊन कावळ्यांपासून राखायचे, एवढाच खेळ.

माझा मित्र समीर म्हणाला, “नाव इंग्रजी अक्षरांत टाक. मावशीच्या हातात तलवार दे, मागे आग दाखव. नाहीतर बघणार कोण?”

यादी उघडली, तर सगळेच तलवारी उगारून दातओठ खात उभे. या गलक्यात मी कशाला घसा फोडू? आणि चित्र लहान केलं की ‘वाळवण’वरची शिरोरेघ थेट गच्चीतल्या दोरीसारखी दिसते. ती दोरी मी कुणासाठीही काढून टाकणार नाही. तलवार सोडाच, मी कव्हरवरून मावशीसुद्धा काढून टाकली. उरले पांढरे पापड, एक कावळा आणि वर मराठीत नाव.

तेवढंसं चित्र आईसमोर धरलं. तिच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता. तिने डोळे बारीक केले आणि एकदम खेकसली, “अगं, फोटो कसले काढत बसलीस? आधी तो कावळा हाकल!”